बाबांच्या हातचा एक पेला

जपानच्या दक्षिणेकडच्या आमच्या तोसात माणूस बायकोशी भांडून सुटतो, बॉसला शिव्या देऊन सुटतो, पण मेजवानीत पेला पालथा घालून सुटत नाही. इथे म्हाताऱ्यांना विचारलंत तर ते सांगतील की देवाने आधी साके, म्हणजे तांदळाची दारू, केली आणि मग ती प्यायला कोणीतरी हवं म्हणून तोसाची माणसं केली. घाईघाईत केली असणार, कारण त्यात माझ्यासारखा एक नग सुटला. नोबुमिची चिकामोरी, वय पन्नाशीच्या पुढे, धंदा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवण्याचा. शिकणारा उजवीकडे बसतो, मी डावीकडे, आणि माझ्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो. माझं सगळं आयुष्य त्या ब्रेकवर पाय ठेवून गेलं म्हणायला हरकत नाही.

साकेचा एक घोट पोटात गेला की मी मानेपासून वर लाल होत जातो. मग कान तापतात, छाती धडधडते, डोळ्यांसमोर भिंती हलतात आणि त्यानंतर जे होतं ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. हे मला विसाव्या वर्षी कळलं. बाबांनी भर मेजवानीत माझ्यासमोर येऊन, गुडघ्याला गुडघा लावून बसून स्वतःचा पेला माझ्या हातात दिला आणि त्यात साके ओतली. मी एका दमात प्यालो. पुढचं मला फक्त कात्सुओ माशाचं ताट आठवतं, कारण माझं तोंड त्यात होतं. तिथून रुग्णवाहिका.

पडलो त्याचं मला काही नाही, माणूस पडतोच. पण आमच्याकडे रीत अशी की ज्याने आपला पेला दिला, त्याला तोच पेला परत द्यायचा, त्यात आपण ओतायचं आणि त्याने प्यायचं. मगच ते देणं-घेणं पुरं होतं. माझं अर्ध्यावरच राहिलं. बाबांनी मला पुन्हा कधी पेला दिला नाही. पोस्टमनला दिला, देवळाच्या पुजाऱ्याला दिला, विमा गळ्यात मारायला आलेल्या माणसाला दिला, रस्ता चुकून आमच्या अंगणात शिरलेल्या एका टोकियोवाल्यालासुद्धा दिला. तो टोकियोवाला अजून नवीन वर्षाला बाबांना पत्र पाठवतो. आणि मी सख्खा मुलगा, स्वयंपाकघराच्या दाराशी चहा घेऊन बसलेला.

बाबा कात्सुओच्या होडीवर होते. वर्षातले बरेच महिने समुद्रावर. घरी आले की मेजवानी, मेजवानी उठली की पुन्हा समुद्र. म्हणजे माझ्या वाट्याला बाबा यायचे ते सरकत्या दाराच्या फटीतून. पहिल्याच पेल्याला त्यांचं तोंड लालबुंद व्हायचं, आणि पुढे संध्याकाळपर्यंत ते पेल्यामागून पेले रिचवायचे, तरी जीभ अडखळायची नाही की पाय लटपटायचा नाही. साऱ्या बंदरात त्यांचं नाव होतं. त्यांच्या पेल्यात ज्यातून ओतायचं ती निळी, मानेवर टवका उडालेली सुरई आई स्वतः भरायची; पाहुण्यांच्या सुरया वेगळ्या. त्यांना अमुकच ऊब लागते म्हणून दुसऱ्या कोणाला ती हात लावू द्यायची नाही. आईला स्वतःला साकेचा वासही सोसत नसे, तरी ती सुरई तिचीच.

आई गेली आणि बाबांनी मेजवान्या बंद केल्या. कोणी बोलावलं तर म्हणायचे, गुडघे दुखतात. सगळे म्हणत, बिचारा, बायकोच्या मागे मन उडालं. आणि ते खरंच होतं.

यंदा बाबांची अठ्ठ्याऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. आमच्याकडे या वयाला तांदळाचं वय म्हणतात, तांदळाच्या अक्षरात अठ्ठ्याऐंशीचा आकडा दडलाय म्हणून, आणि ते वाजतगाजत साजरं करतात. शेजारपाजार अडूनच बसला की तोराहिकोसानची, बाबांना सगळे आदराने असंच म्हणत, मेजवानी झालीच पाहिजे. बाबांनी एकदा गुडघे चोळले, मग म्हणाले, करा. त्याच क्षणी मी मनाशी ठरवलं की या मेजवानीत बाबांच्या हातचा एक पेला प्यायचा आणि तो त्यांना परत करायचा. एकच. अठ्ठ्याऐंशीनंतर माणूस किती मेजवान्या करतो?

बायकोला सांगितलं. सुमिए टोकियोकडची, तिला सगळं सरळ दिसतं.

"बाबांशी बोलायचं असेल तर बोला ना," ती म्हणाली. "मध्ये साके कशाला?"

आता हिला काय सांगायचं. तोसाचा पुरुष मध्ये पेला असल्याशिवाय फक्त हवामानावर बोलतो. मी आणि बाबांनी हवामानावर बोलत तीस वर्षं काढली. आमच्या भागात वादळं भरपूर येतात म्हणून निभावलं, नाहीतर तेही बोलणं संपलं असतं.

मग मी चूक केली. शेजारच्या ओकाबायाशीसानना विचारलं. हे निवृत्त पोस्टमन, ज्यांना बाबांचा पेला मिळाला होता तेच. निवृत्त माणसाला सल्ला विचारणं म्हणजे धरणाचं दार उघडणं. त्यांनी मला आधी दूध प्यायला सांगितलं. मग पर्सिमॉनची फळं खायला सांगितली. मग बेंबीला साके चोळून निजायला सांगितलं, कारण त्यांच्या मेव्हण्याला त्याने गुण आला होता. मेव्हणा कुठे असतो विचारलं तर म्हणाले, वारला, पण दुसऱ्या कशाने तरी. शेवटी त्यांनी मूळ सिद्धांत मांडला. शाळेत पोराला एकदम निबंध लिहायला सांगतात का? आधी अक्षरं. तसं आधी लोणचं.

साकेच्या चोथ्यात दोन-दोन वर्षं मुरवलेलं भोपळ्याचं लोणचं असतं आमच्याकडे. ओकाबायाशीवहिनींचं त्यात नाव आहे. बरणी आली. मी रोज सकाळी भाताबरोबर एक फोड खाऊ लागलो. कान तापायचे, पण मी तग धरून होतो. स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच लोणच्यासमोर मला विजयी वाटू लागलं. एका सकाळी त्या भरात मी तीन-चार फोडी खाल्ल्या आणि कामावर गेलो.

आमच्या स्कूलमध्ये रोज गाडीत बसायच्या आधी शिक्षकांना दारू ओळखणाऱ्या यंत्रात फुंकर मारावी लागते. इतकी वर्षं मी त्यात फुंकर मारत आलो आणि ते यंत्र माझ्याशी कधी एक शब्द बोललं नव्हतं. त्या दिवशी ते किंचाळलं.

मुख्याध्यापक निशिमोरी धावत आले. त्यांना वाटलं यंत्र बिघडलं. त्यांनी स्वतः फुंकलं, यंत्र गप्प. मी फुंकलं, यंत्र पुन्हा किंचाळलं. मी म्हणालो, लोणचं आहे हो. निशिमोरींनी माझ्याकडे अशा काही दयेने बघितलं की त्यापेक्षा दोन ठेवून दिल्या असत्या तरी चाललं असतं. सगळे सुरुवातीला असंच म्हणतात, चिकामोरीसान, असं म्हणून त्यांनी मला दिवसभर बाहेरच्या बाकावर बसवलं. त्या बाकाच्या वर आमच्या स्कूलची जाहिरात लावलेली आहे, 'प्यायलात तर गाडीला हात लावू नका.' त्या जाहिरातीत फोटो माझाच आहे. सगळ्या स्टाफमध्ये न पिणारा मी एकटाच म्हणून माझी निवड झाली होती. शिकायला येणारी मंडळी एकदा वर बघायची, एकदा खाली बघायची आणि आत जायची.

दुपारच्या जेवणाआधी बातमी बंदरापर्यंत पोचली. बाबांचा फोन आला. बाबा मला फोन करत नाहीत.

"प्यायलास म्हणे."

"लोणचं खाल्लं, बाबा."

पलीकडे त्यांनी खिडकी उघडल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "आज वारा दक्षिणेकडून आहे," आणि फोन ठेवला.

त्यांना आनंद झाला की काय झालं, मला काही कळेना. पण ओकाबायाशीसानना झाला होता. बरणी त्यांच्या घरची, म्हणजे यशही त्यांचंच. त्यांनी गल्लीभर जाहीर करून टाकलं की मेजवानीत बाप-लेक पेल्यांची देवाणघेवाण करणार. मासेवाल्याने मला दुकानातून वाकून नमस्कार केला. पुजाऱ्याने भर रस्त्यात थांबवून सांगितलं की असा सोहळा बघायला मिळणं हे भाग्य. आता माघार घ्यायची तर गाव सोडावं लागलं असतं.

तेव्हा मात्र माझी पाचावर धारण बसली आणि मी शास्त्राला शरण जायचं ठरवलं. सरकारी आरोग्य केंद्रात गेलो. खिडकीवरच्या बाईंनी काय त्रास होतो विचारलं. मी म्हणालो, दारूचा. त्या आदराने म्हणाल्या, दुसरा मजला, उजवीकडचं दार. गेलो. दहा-बारा माणसं गोल करून बसली होती. मला खुर्ची दिली, चहा दिला. वाटलं, काय सुधारलंय सरकारी खातं! एकेकजण उठून सांगू लागला की मी इतके दिवस प्यालेलो नाही, आणि सगळे टाळ्या वाजवू लागले. माझी पाळी आली. मी खरं तेच सांगितलं, की मी तीस वर्षांत एक थेंब प्यालेलो नाही. लोक उभे राहिले. एका म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. एकाने विचारलं की आता पुढे काय विचार आहे. मी म्हणालो, आता सुरुवात करायचीय, त्यासाठीच आलोय.

त्या खोलीत जी शांतता पसरली तशी मी आईच्या अंत्यविधीलाही अनुभवली नव्हती. म्हाताऱ्याने माझे दोन्ही हात धरले आणि सोडेचना. नको रे बाबा, इतकी वर्षं काढलीस, असं काहीतरी तो पुटपुटत होता. मला त्याचं वाईट वाटलं, आणि खरं सांगतो, बरंही वाटलं. माझ्या न पिण्याबद्दल आयुष्यात प्रथमच कोणी टाळ्या वाजवल्या होत्या.

तिथून सुटका करून मी डॉक्टर कुसुनोसेंकडे पोचलो. तरुण बाई, पण बोलणं मोजूनमापून. त्यांनी माझ्या दंडावर स्पिरिटचा बोळा चिकटवला आणि थोड्या वेळाने काढला. खाली टोमॅटोसारखा चट्टा. मग त्यांनी मला समजेल असं समजावलं. दारू पोटात गेली की तिचं विष होतं. ते विष बाहेर टाकायला शरीरात एक झाडूवाला असतो. आपल्या जपानी लोकांत खूप जणांचा झाडूवाला अर्ध्याच दिवस कामावर येतो. तुमचा मुळी कधी कामावरच आलेला नाही.

"सवयीने येईल?" मी विचारलं.

"नाही. अर्धा दिवसवाले लाल होत होत सवय लावून घेतात, आणि पुढे त्यांना घशाचे आजार होतात. तुम्ही तर त्यातलेही नाही. हे एकाच बाजूने आलं की माणूस अर्धा दिवसवाला होतो. तुम्हाला आईकडून आलंय आणि वडिलांकडूनही."

मी हसलो. म्हटलं, आईचं मान्य. पण बाबांचं नाव काढू नका, बंदरात त्यांच्या तोडीचा पिणारा नाही. पहिल्याच पेल्याला तोंड असं कंदिलासारखं लाल होतं त्यांचं!

बाईंनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "पहिल्याच पेल्याला," त्या म्हणाल्या. मग त्यांनी एवढंच सांगितलं की पिऊ नका, लोणचं बंद करा, कोणी आग्रह केला तर ओठाला लावून खाली ठेवा, आणि वडिलांना नमस्कार सांगा. नमस्काराचं मला तेव्हा नवल वाटलं.

घरी येऊन मी बसून राहिलो. सुमिएने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली की दुसऱ्या सुरईत गरम पाणी भरा. रंग तोच, वाफ तीच. मी भडकलो. म्हटलं, बापाच्या अठ्ठ्याऐंशीला त्याला पाणी पाजून फसवू?

"मग रुग्णवाहिका बोलावून फसवा," ती म्हणाली.

मेजवानी भर दुपारी सुरू झाली. घरभर चटया, मोठ्या परातींत मासे, पेंढ्यावर भाजलेल्या कात्सुओचा धूर अजून अंगणात रेंगाळलेला. बाबा या वयाच्या रीतीप्रमाणे सोनेरी बंडी आणि सोनेरी टोपी घालून मध्यभागी बसले होते. ओकाबायाशीसाननी पहिला पेला भरला. बाबांनी तो रिकामा केला आणि बघता बघता कपाळापर्यंत लाल झाले. लोकांनी हर्षाने मांड्या थोपटल्या. हेच ते, जुने तोराहिकोसान, असं सगळे म्हणू लागले. मीही लहानपणीसारखा दाराच्या फटीतूनच बघत होतो, आणि मला आईची इतकी आठवण आली की मी दारापासून उठलो.

शेवटी सुमिएचंच ऐकायचं ठरवून, कोटाच्या आत रिकामी सुरई लपवून मी गरम पाणी भरायला स्वयंपाकघरात गेलो. सुमिए अंगणात पराती धूत होती. आणि आत, चुलीपाशी, सोनेरी टोपी घातलेले बाबा उभे होते. बाहेरच्यांना वाटत असणार की ते संडासला गेलेत. त्यांच्या एका हातात ती टवका उडालेली निळी सुरई होती आणि दुसऱ्या हातात किटली. अर्धं पाणी सुरईत, अर्धं बंडीवर.

माझ्या कोटातून सुरई बाहेर आलेली होती. बाबांनी सुरईकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"दार लाव," ते म्हणाले.

मी दार लावलं.

"पहिला खरा घ्यावा लागतो," बाबा हळूच म्हणाले. "रंग चढायला. एकदा तोंड लाल दिसलं की पुढे कोणी बघत नाही. दुसरा घेतला तर छातीत होडी डोलायला लागते."

"कधीपासून, बाबा?"

"कायमच. लग्नानंतरच्या पहिल्या मेजवानीत तुझ्या आईच्या लक्षात आलं. एक शब्द बोलली नाही. सुरई उचलून आत घेऊन गेली आणि पाण्याने भरून आणली. मरेपर्यंत कोणाला कळू दिलं नाही तिने." त्यांनी किटली खाली ठेवली. "ती गेल्यावर कोण भरणार? किटली कुठल्या फळीवर असते तेही मला ठाऊक नव्हतं. गुडघ्यांना काय झालंय माझ्या?"

मला हसू आलं. "मला का नाही सांगितलंत? तीस वर्षं मी या दाराशी बसलो."

बाबा टोपी काढून तिच्याशी चाळा करू लागले. "तू माशांच्या ताटात पडलास ना, तेव्हाच कळलं की माझंच आलंय तुझ्यात. पुन्हा पेला द्यायचा धीर झाला नाही."

"पाण्याचा द्यायचात."

"पाण्याचा दिला असता तर तुला कळलं असतं, बाप पाणी पितो म्हणून. वाटलं, पोराला तोसाचा बाप हवा असेल."

"मला बाबा हवे होते," मी म्हणालो. "तोसा काय, बाहेर चटयांवर भरपूर बसलाय."

बाहेरून ओकाबायाशीसान हाका मारू लागले. बाबांनी टोपी डोक्यावर घातली आणि निळी सुरई माझ्यासमोर धरली. मी किटली उचलून पुन्हा आचेवर ठेवली. थोडी आच वाढव, तुझी आई याहून गरम करायची, वाफ दिसली पाहिजे, असं ते बारकाईने सांगत राहिले. मी आच वाढवली आणि सुरई भरली. मग आम्ही एकामागोमाग एक बाहेर आलो.

बाबा चटयांवरून चालत माझ्याकडे आले तेव्हा सगळ्यांनी सरकून जागा करून दिली. म्हातारे गुडघे वाकवून ते माझ्यासमोर बसले, गुडघ्याला गुडघा लावून. आपला पेला माझ्या हातात दिला आणि निळ्या सुरईतून ओतलं. मी एका दमात प्यालो. जीभ भाजली. मग मी तोच पेला पुसून दोन्ही हातांनी बाबांना दिला आणि त्यात त्याच सुरईतून ओतलं. बाबा प्याले. विसाव्या वर्षी माझ्याकडे राहिलेला पेला परत गेला होता, आणि मला काही केल्या डोळे आवरेनात. नाक, कान, मान, सगळं तापलं.

"बघा, बघा," ओकाबायाशीसान मागून अभिमानाने म्हणाले. "एकाच पेल्यात लाल. अगदी बापावर गेलाय!"

पाहुण्यांत बसलेले निशिमोरी म्हणाले, उद्या सुट्टी घ्या. पुजाऱ्याने डोळे टिपले. दाराच्या फटीतून सुमिए दुसरी किटली घेऊन बघत होती. बाबा माझ्याकडे वाकले. मला वाटलं, आता वाऱ्याबद्दल बोलतात. त्यांनी पेला पुन्हा माझ्या हातात दिला.

"अजून एक घे," ते म्हणाले. "आपलं बरंच राहिलंय."

मी घेतला.